केसांसकट

आमच्या गल्लीत दहा घरं होती आणि दोन कुत्री. मास्तरीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनी एकच सांगितलं असतं. सुतारांचा गोन हा कुत्रा, आणि त्यांची स्वतःची मांडीवर मावणारी कोमामे ही चिन. आमच्याकडची जुनी माणसं असंच बोलायची: अमक्याकडे कुत्रा आहे, तमक्याकडे मांजर आहे, आणि त्या पलीकडच्यांकडे चिन आहे. चिनला अंगणात बांधत नाहीत, राखणीला ठेवत नाहीत. ती उशीवर बसते आणि माणसाला सोबत करते, एवढंच तिचं काम.

मास्तरीणबाईंचं नाव नुइ. मी सांगतेय त्या हिवाळ्यात, म्हणजे १९४४ साली, त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. तरुणपणी त्या नदीपलीकडच्या नाचगाण्याच्या घरात होत्या. चाळिशीनंतर आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर घेऊन शामिसेन, ते तीन तारांचं वाद्य, शिकवायला लागल्या. मी लग्न होऊन कागदी छत्र्या करणाऱ्यांच्या घरात आले तेव्हा दोन वर्षं मीही जायची त्यांच्याकडे. एक दिवस म्हणाल्या, "शिगेनो, तुझे हात छत्र्यांना कागद चिकटवायलाच बरे आहेत." तिथे माझं शिकणं संपलं. जाणंयेणं मात्र राहिलं.

कोमामे तेव्हा नऊ वर्षांची होती. अंगावर काळेपांढरे रेशमासारखे केस, कानांना आणि शेपटीला तर झालरी लावल्यासारखे. नाक इतकं चपटं की ती जागेपणीही घोरायची. दोन डोळे दोन बाजूंना, त्यामुळे ती आपल्याकडे बघतेय की दाराकडे हे कधीच कळायचं नाही. मांजरासारखा पंजा ओला करून तोंड पुसायची, आणि आनंद झाला की एकाच जागी गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडेपर्यंत. शिकवणी चालू असताना ती मास्तरीणबाईंच्या मांडीला टेकून झोपलेली असायची. कुणी बेसूर वाजवलं की नेमका तेव्हाच तिचा घोरण्याचा आवाज वाढायचा, आणि मास्तरीणबाई म्हणायच्या, "ऐकलंस? तिलाही कळलं."

युद्ध वाढत गेलं तसे शिष्य गळाले. गाणंबजावणं चैनीत जमा झालं. बाहेर तारेचा आवाज गेला तर शेजाऱ्यांच्या गटाच्या बैठकीत विषय निघायचा. मग त्या तारांखाली रुमाल घालून वाजवायच्या. भिंतीपलीकडे डास गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. पुढे तेही बंद झालं, आणि त्या घरात बोलायला कोमामेखेरीज कुणी उरलं नाही.

दहा घरांच्या गटाचे प्रमुख होते माझे सासरे, मागोहेइ. त्यांना डोळ्यांनी दिसायचं कमी, म्हणून कचेरीतून आलेली सूचनांची पाटी घेऊन घरोघर मी फिरायची. प्रत्येकानं वाचायचं, शिक्का मारायचा, की मी पुढच्या दारात. याद्याही मीच लिहायची. त्या डिसेंबरात पाटीवर कागद आला तो कुत्र्यांचा. वैमानिकांच्या कोटांसाठी आणि टोप्यांसाठी कातडी हवी आहेत, तेव्हा पाळलेली सगळी कुत्री देशासाठी अर्पण करावीत. अमुक दिवशी देवळाच्या आवारात आणावीत.

मास्तरीणबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग शांतपणे शिक्का मारला आणि पाटी मला परत दिली.

"हे कुत्र्यांसाठी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं. बिचारा गोन."

मी घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते आधी हसले. "चिन कुत्रा नाही म्हणे. मग काय, बेडूक आहे?" मग रिकामी चिलीम दातांत धरून बसून राहिले, तंबाखू महिन्याभरात मिळाली नव्हती. मी म्हटलं, मामंजी, तिच्या कातड्यात एक हातमोजा होईल, तोही डाव्या हाताचा. चिलीम खाली ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, माझे डोळे अधू आहेत. यादी तूच लिहितेस. मी फक्त शिक्का मारतो."

मी यादीत लिहिलं: कुत्रा, एक.

सुतारीणबाईंचं नाव कानेयो. नवरा सैन्यात, मांचुरियात, घरी दोन मुली. गोनला देवळाकडे न्यायला दुसरं कुणी नव्हतं, ती स्वतःच घेऊन गेली. त्या सकाळी तिनं स्वतःच्या वाट्याचं रताळं त्याला घातलं. त्याला वाटलं फिरायला निघालोय. बर्फात उड्या मारत पुढे चालला होता. मी दारातून पाहिलं. पुढचं तिनंच मागाहून सांगितलं: आवारात गावभरची कुत्री कुंपणाला बांधलेली होती आणि दोन माणसं दांडकी घेऊन उभी होती. लोकांनी बांधून निघून जायचं, असं सांगितलेलं होतं. कानेयो निघाली, पण आवाज ऐकू येणार नाही इतकी लांब पोचायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. ती परतली तेव्हा दोर तिनं हाताला इतका घट्ट गुंडाळला होता की बोटं निळी पडली होती. मुलींनी विचारलं तर म्हणाली, गोन सैन्यात गेला.

आठवड्याभरानं पाण्याच्या पंपावर आम्ही पाचसहा जणी होतो. मास्तरीणबाई बादली घेऊन आल्या. त्यांच्या जाड कोटातून छातीशी कोमामेचं काळं चपटं नाक तेवढं बाहेर डोकावत होतं. नेहमीसारखंच घोरणं चाललेलं. कानेयो पंप मारत होती. तिनं दांडा सोडला.

"मास्तरीणबाई, तुमच्या शामिसेनवर कसलं कातडं ताणलंय हो?"

काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"चांगल्या वाद्यावर मांजराचं," कानेयोच पुढे म्हणाली. "शिकवणीच्या वाद्यांवर कुत्र्याचं. जन्मभर कुत्र्याच्या कातड्यावर हात मारून जेवलात. आणि आता एक द्यायची वेळ आली तर तुमची ती कुत्राच नाही, होय?"

मास्तरीणबाईंनी बादली खाली ठेवली. एक हात कोटावरून, कोमामेच्या डोक्यावर ठेवला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

आणि वळून निघून गेल्या. बादली तिथेच राहिली. मी ती भरली आणि त्यांच्या दारात ठेवून आले. आत हाक मारायचा धीर झाला नाही.

तक्रार कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कानेयोनं केली नाही एवढं मी सांगू शकते. ती तोंडावर बोलणारी बाई होती. नवं वर्ष लागल्यावर कचेरीतला कारकून निवा आमच्या घरी आला. तिशीचा माणूस, चीनच्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, बोलायला अगदी मृदू. त्यानं मामंजींसमोर यादी ठेवली आणि म्हणाला, आजोबा, यात चूक राहिली आहे असं कानावर आलंय. तुमच्या वयाला हे बरं दिसत नाही. मामंजींनी मान खाली घालून माफी मागितली. मग निवानं लेखणी माझ्यापुढे केली. 'एक' खोडून मी 'दोन' लिहिलं. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं, सगळे म्हणायचे. कोमामेला वीस जानेवारीला हजर करायचं ठरलं.

हे मी मास्तरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप पाठवून बोलावून घेतलं. खोलीत पाऊल टाकलं आणि मी तिथेच उभी राहिले. शिकवणीची तीन शामिसेन चटईवर ओळीनं ठेवलेली, आणि तिन्हींची कातडी कापून काढलेली. नुसत्या लाकडी चौकटी, आरपार दिसत होतं. ज्याच्या तारा मी दोन वर्षं छेडल्या तेही त्यातच होतं. कातडी त्यांनी मुळे कापायच्या सुरीनं सोडवली होती आणि एका रेशमी रुमालात घडी करून बांधली होती.

"पुढची मागची मिळून सहा," त्या म्हणाल्या. "सगळी कुत्र्याची. कानेयो बरोबर बोलली. सहा देते, एक मागते. चल माझ्याबरोबर."

कोमामेला घरी उबेला ठेवून आम्ही कचेरीत गेलो. निवानं आम्हाला बसायला स्टुलं दिली. रुमाल सोडला, एक कातडं उचललं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. इतकं पातळ की त्याची बोटं पलीकडून दिसत होती, तीनच.

"मावशी, हे तर कागद झालेत."

"कुत्र्याचंच आहे. वास घेऊन बघा."

"कुत्र्याचं आहेच. पण आम्हाला केसांसकट हवं. ऊब केसांत असते. बिनकेसांचं कातडं घ्यायचंच नाही, असा वरूनच हुकूम आहे."

निवानं सहाही कातडी पुन्हा एकावर एक लावली, कडा जुळवल्या, तीन बोटांच्या हातानं रुमालाची गाठही नीट मारून दिली. त्याच्या त्या नीटपणाचा मला राग आला होता. आता वाटतं, दुसरं काय करणार होता तो.

परत येताना पुलावर वारा भणाणत होता. मास्तरीणबाई माझा हात धरून चालत होत्या, खडावांखाली बर्फ करकरत होता. तिथे मी ते बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, केसच नसले तर?"

त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"तुमच्याकडे कात्री आहे ना? छत्र्यांची?"

आमची कात्री गावात सगळ्यांत धारदार. दुपारी मी ती घेऊन गेले. त्यांनी मांडीवर जुनी चादर पसरली आणि कोमामेला घेतलं. तिला वाटलं रोजच्यासारखं केस विंचरणार. डोळे मिटून आडवी झाली. मी पाय धरले, त्यांनी कापायला घेतलं. कानांच्या झालरी, मानेची आयाळ, शेपटी, पोट. वर्षानुवर्षं फणी फिरवून वाढवलेलं ते सगळं चादरीवर पडत गेलं. खाली जे निघालं ते बघवत नव्हतं. गुलाबी अंग, त्यावर काळे डाग, आणि बरगड्या. ती मुळात किती एवढीशी होती हे तेव्हा कळलं. गोंडस दिसायची ती सगळी केसांची शोभा होती.

खाली सोडल्यावर ती उठली, अंग झटकलं, मागे वळून आपल्या शेपटीकडे पाहिलं. उंदरासारखी शेपटी. तिनं तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि आमच्याकडे बघून भुंकली, हे कुणाचं म्हणून. आम्ही हसलो. दोघी, पोट धरून. किती दिवसांनी त्या घरात हसण्याचा आवाज आला असेल. ते हसणं मला पुढे फार वर्षं झोपू देत नव्हतं.

मास्तरीणबाईंनी आपल्या नाचाच्या दिवसांतला लाल रेशमी परकर फाडून तिला बंडी शिवली, आत उशीतला कापूस भरला. वीस तारखेला आम्ही तिघी देवळाच्या आवारात गेलो. निवानं बंडी वर केली. कोमामेकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईंकडे, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. आवाज मोठा करून म्हणाला, "हे असं चालणार नाही. केस वाढले की मार्चमध्ये पुन्हा हजर करा." आणि वहीत तसं लिहिताना, मान वर न करता पुटपुटला, "यापुढे माझ्याच्यानं नाही व्हायचं, मावशी."

वाटेत मास्तरीणबाई मुलीसारख्या चालत होत्या. मार्च किती लांब आहे, म्हणत होत्या. तोवर काय काय होईल. मी हो म्हणत होते. आपण काय करून बसलो हे अजून आमच्या लक्षात आलं नव्हतं. केस वाढले की तिला न्यायचं होतं, आणि केस नाहीत तोवर फेब्रुवारी काढायचा होता.

त्या वर्षी असा बर्फ पडला की म्हातारी माणसंसुद्धा पुढे त्याची आठवण काढत. छपराच्या कडेपर्यंत. दार उघडलं की समोर पांढरी भिंत. वरून पायऱ्या खोदून बाहेर पडायचं. कोळसा माणशी अर्धं पोतं मिळाला होता, तो जानेवारीतच संपत आलेला. मास्तरीणबाईंनी शेगडी लावणं कमी केलं आणि कोमामेला सारखं अंगाशी धरून ठेवायला लागल्या. जेवताना, झोपताना, बर्फ उपसताना ती त्यांच्या छातीशी. त्या चौकटी फोडून जाळल्या असं मला मागाहून कळलं. शामिसेनचं लाकूड फार छान जळतं, त्या म्हणाल्या होत्या, वास येतो.

मी मुळ्याचं सार न्यायची, तापवलेला दगड फडक्यात गुंडाळून न्यायची. कोमामे सार चाटायची आणि ओला पंजा तोंडावरून फिरवायची. केस बोटाच्या पेराएवढे वाढले होते. पोटावर पुन्हा मऊ लव आली होती. मला ते बघून बरं वाटायचं. मास्तरीणबाई मात्र त्या लवेवरून बोट फिरवायच्या आणि गप्प व्हायच्या.

मग पाटीवर आलं की दुसरी उचल मार्चऐवजी फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेलाच होणार. मी पाटी घेऊन गेले, त्यांनी शिक्का मारला. दोन दिवसांनी त्या स्वतः आमच्याकडे आल्या, बर्फातून. मी कागद कापत बसले होते.

"शिगेनो, कात्री देतेस?"

बाहेर पाणी उकिरड्यावर फेकलं तर पडेपर्यंत गोठत होतं. कात्री कशाला हवी हे विचारायची गरज नव्हती. मी ती पुसली, मूठ त्यांच्याकडे करून दिली. थांबा म्हणता आलं असतं. मामंजींना विचारते म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "जपून, धार लावलीय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तिचा श्वास बदलला. तशीही ती घोरायचीच, पण आता आत पाणी खदखदल्यासारखं. जनावरांचा डॉक्टर घोड्यांच्या पलटणीबरोबर गेला होता, गावात दुसरा नव्हता. औषधवाल्याकडे माणसांच्या खोकल्याची पूड होती, ती कोमट पाण्यातून दिली. तिनं ती थुंकून टाकली. तिसऱ्या दिवशी ती उभी राहीना. मी गेले की शेपटीचं टोक हलवायची. मास्तरीणबाईंनी तिला आपल्या उघड्या पोटाशी धरलं होतं, वरून घरातलं सगळं कापड गुंडाळून. त्या मला म्हणाल्या, "हिच्या आईला मी हिच्याएवढी असताना आणलं, हिला तिच्या पोटातून मीच काढलं. थंडीत हिला कधी पायरीवरही जाऊ दिलं नव्हतं मी." बोलताना चुकत होत्या, वयाचा, वर्षांचा मेळ लागत नव्हता. मी दुरुस्त केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कोमामे गेली. मी तिथेच होते. आधी घोरणं थांबलं आणि मला वाटलं, आता हिला आराम पडला.

अंगणात पुरायचं तर चार हात बर्फ, आणि खाली जमीन दगडासारखी. मी फावडं मारत होते आणि ते उसळून परत येत होतं. तेवढ्यात बर्फाच्या भिंतीवरून कानेयो उतरली, खांद्यावर नवऱ्याची पहार. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या हातातून काम घेतलं आणि तासभर एक शब्द न बोलता खणत राहिली. खड्डा झाल्यावर मास्तरीणबाई आतून आल्या. लाल बंडीतली कोमामे त्यांनी खाली ठेवली. कानेयोनं बघितलं, घाम पुसला.

"गोनचं मला एक हाडही मिळालं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला एवढं तरी मिळालं."

मास्तरीणबाईंनी कमरेत वाकून तिला नमस्कार केला. कानेयोनंही केला. मग तिनं माती लोटली.

चोवीस तारखेला निवा आमच्या दाराशी आला. घाईत होता, बूट न काढताच बोलला. उद्या त्या मावशींना यायला सांगू नका म्हणाला. नवा हुकूम आलाय, लहान जातीची कुत्री घ्यायची नाहीत. कातडं कमावण्याचा खर्च भरून निघत नाही म्हणे. आधी घेतलेली सोडून द्यायला तर काही उरलेलं नाही, पण मावशींचं तेवढं वाचलं. त्याला आनंद झाला होता. दोन बोटं नसलेला हात त्यानं माझ्यापुढे हलवला, जणू स्वतःच काही मिळवून आणलंय. मी सांगितलं, ती सहा दिवसांपूर्वी गेली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "असं होय," म्हणाला, आणि गेला.

मामंजी आतून ऐकत होते. म्हणाले, "हे तिच्या कानावर घालायचं नाही. समजलं?" मी हो म्हटलं. आणि दोन दिवस ते पोटात ठेवून हिंडले. भात शिजवताना तेच, कागद चिकटवताना तेच. तिसऱ्या दिवशी मी मास्तरीणबाईंकडे गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांना कळायला हवं म्हणून सांगितलं, असं मी तेव्हा स्वतःला म्हणत होते. खरं म्हणजे मला ते एकटीला पेलवेना.

त्या विझलेल्या शेगडीशी बसल्या होत्या. मी माझं बोलणं संपवलं, रडले, कपाळ चटईला टेकवलं. म्हटलं, पुलावर मी ते बोलले नसते तर.

"तू बोललीस. कापलं मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

मला वाटलं त्यांनी माफ केलं. मी डोकं वर केलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

"पण हे मला कशाला सांगितलंस, शिगेनो?"

मी पुन्हा कपाळ चटईला टेकवलं.

"वाचवायला म्हणून मारली, एवढं धरून मी बसले होते. तेवढ्यावर दिवस निघत होते." त्यांनी कोट सारखा केला, जणू आत अजून काही होतं. "आता येत जाऊ नकोस. तुझ्यावर काही नाही माझं. तू आलीस की मला सगळं पहिल्यापासून सुरू होतं."

मी उठले, दार ओढून घेतलं.

बर्फ वितळल्यावर त्या आजारी पडल्या. तसा काही रोग नव्हता. खाणं सुटलं होतं. मी रोज पेज करायची आणि कानेयोच्या हाती पाठवायची. मी केलीय म्हणू नकोस, असं बजावून. कानेयो दोन्ही वेळा जायची, भरवायची, कपडे बदलायची, बाहेर आली की भांडं मला द्यायची. कधी अर्धं रिकामं असायचं, कधी भरलेलं. भाताची लावणी उरकेपर्यंत असं चाललं. मी त्या दारावरून पाण्याला रोज जायची, आणि दार उघडं असलं तर दुसरीकडे बघायची.

जुलैच्या सुरुवातीला एका दुपारी कानेयो भांडं घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली. संपलं, म्हणाली. मी भांडं घेतलं. ते भरलेलं होतं. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"माझं नाव काढलं का त्यांनी?"

कानेयोनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं का, असा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसला. ती सरळ बाई होती.

"नाही," ती म्हणाली. मग कपडे झटकून उठली, कारण गटप्रमुखाला कळवायचं होतं, आणि मामंजींना हाका मारत आत गेली.